ईआरपीच्या बटणामागे बाहेरची स्क्रिप्ट जोडताना

ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या ऑर्डर, साठा आणि हिशेब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ऑर्डर मंजूर झाली की तिची सीएसव्ही फाइल बनून वेअरहाउसच्या सर्व्हरवर गेली पाहिजे, अशी मागणी येते. फाइल बनवून पाठवणारी स्क्रिप्ट कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली असते आणि हाताने चालवली की ती नीट चालतेही. आता फक्त ‘मंजूर’ या बटणाला ती जोडायची. जोडणारी ओळ खरोखरच एकच असते. पण स्क्रिप्ट कुठल्या युजरखाली चालणार, तिच्या हाती काय द्यायचं, तिची किती वेळ वाट पाहायची आणि ती फसली तर ऑर्डरचं काय करायचं, यातलं काहीही त्या ओळीत लिहिलेलं नसतं. पुढे सगळीकडे हेच ऑर्डरचं उदाहरण धरलं आहे. प्लॅटफॉर्म कुठलाही असला तरी अडचणी जवळपास त्याच येतात.

प्लॅटफॉर्म काय करू देतो, ते आधी बघा

एसएपीमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमची कमांड कोडमधून थेट ठोकायची नसते. एसएम६९ या स्क्रीनमध्ये ती आधी नोंदवायची, एसएम४९ या स्क्रीनमधून चालवून बघायची आणि मग कोडमधून ‘एसएक्सपीजी_कमांड_एक्झिक्यूट’ हे फंक्शन मॉड्यूल वापरून बोलवायची. कुणाला ती चालवता येईल, हे ‘एस_लॉग_कॉम’ या ऑथरायझेशन ऑब्जेक्टवर ठरतं. नोंद करताना जास्तीचे पॅरामीटर चालतील की नाही, असा एक चौकोन असतो. गरज नसेल तर तिथे खूण करू नका.

ओरॅकल ई-बिझनेस सूटमध्ये यासाठी ‘होस्ट’ प्रकारचा कॉन्करंट प्रोग्राम, म्हणजे मागे चालणारं काम, असतो. शेल स्क्रिप्टला ‘.प्रॉग’ असं एक्स्टेन्शन देऊन ती त्या मॉड्यूलच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये ठेवायची आणि ‘एफएनडीसीपीईएसआर’ या प्रोग्रामकडे जाणारी सिम्बॉलिक लिंक करायची. पहिले चार पॅरामीटर सिस्टिम स्वतःच देते: डेटाबेसचं लॉगिन, युजर आयडी, युजरचं नाव आणि रिक्वेस्ट क्रमांक. तुमचे पॅरामीटर पाचव्यापासून सुरू होतात. पहिल्या पॅरामीटरमध्ये पासवर्डही असतो, याकडे पुढे पुन्हा येऊ.

ओडूमध्ये सर्व्हर ॲक्शनच्या चौकटीत पायथन लिहिता येतं, पण तिथे ‘इम्पोर्ट’ चालत नाही. ती चौकट मुद्दाम बंदिस्त ठेवलेली आहे. बाहेरची स्क्रिप्ट बोलवायची तर छोटं का होईना, स्वतःचं मॉड्यूल लिहावं लागतं. ही बंदी चुकवण्याच्या युक्त्या शोधत बसू नका, मॉड्यूलच लिहा.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘एक्सपी_सीएमडीशेल’ आहे आणि ते मुळात बंद ठेवलेलं असतं. ‘ते सुरू करून ट्रिगरमधून स्क्रिप्ट बोलवू या’ असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. तेच काम एजंटच्या जॉबमध्ये, मर्यादित हक्कांच्या प्रॉक्सी खात्याखाली होतं.

क्लाउडवरच्या प्लॅटफॉर्मची गोष्ट वेगळी. सेल्सफोर्सच्या सर्व्हरवर तुमची शेल स्क्रिप्ट चालणारच नाही, तिथून बाहेरच्या एखाद्या सेवेला एचटीटीपी कॉलआउट करता येतो. तो मुळात १० सेकंद थांबतो आणि एका ट्रान्झॅक्शनमधल्या (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटातल्या) सगळ्या कॉलआउटसाठी मिळून १२० सेकंदांची कमाल मर्यादा आहे. सर्व्हिसनाऊमध्ये तुमच्या नेटवर्कच्या आत एक ‘मिड सर्व्हर’ बसवतात. तो स्वतः बाहेर जाऊन काम विचारतो आणि आत आणून चालवतो, त्यामुळे फायरवॉलमध्ये आत येणारं पोर्ट उघडावं लागत नाही. तुमचा प्लॅटफॉर्म यांपैकी कुठलाच नसला तरी ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

त्याच युजरखाली, त्याच वातावरणात चालवून बघा

‘माझ्याकडे चालते, ईआरपीतून चालत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथे सुटते. तुम्ही टर्मिनलवर तुमच्या लॉगिनने बसलेले असता. ईआरपीची सेवा मात्र वेगळ्याच युजरखाली चालते आणि तिला तुमच्या प्रोफाइलमधलं काहीही दिसत नाही. लिनक्सवर ‘सुडो’ने त्या युजरखाली आणि ‘एन्व्ह -आय’ने एन्व्हायर्नमेंट पूर्ण रिकामं करून स्क्रिप्ट चालवा. जे जे मोडायचं ते तिथेच मोडेल. ‘पाथ’मध्ये तुमचा पायथन नसेल, सापेक्ष पाथने उघडलेली कॉन्फिग फाइल सापडणार नाही, एसएसएचची की दुसऱ्याच होम फोल्डरमध्ये असेल. उपाय कंटाळवाणा पण पक्का आहे: प्रत्येक प्रोग्रामचा आणि फाइलचा पूर्ण पाथ लिहा आणि लागणारे व्हेरिएबल स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच भरा.

काही खाचा मात्र अशा चाचणीतही लपून राहतात. विंडोजवर तुमच्या लॉगिनमध्ये जोडलेला झेड ड्राइव्ह सेवेला दिसत नाही. तिथे ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ द्यावा लागतो. शिवाय व्हिस्टापासून सेवा वेगळ्या सत्रात चालतात, त्यामुळे स्क्रिप्टने ‘पुढे जायचं का?’ असा डायलॉग उघडला तर तो कुणालाच दिसत नाही आणि स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत तशीच बसते. पॉवरशेल बोलवताना ‘नोप्रोफाइल’ आणि ‘नॉनइंटरॲक्टिव्ह’ हे दोन्ही पर्याय द्या. लिनक्सवर सिस्टिमडीने चालवलेल्या सेवेला ‘प्रायव्हेटटीएमपी’ लावलेलं असेल तर तिचं टेम्प फोल्डर वेगळं असतं. स्क्रिप्ट म्हणते फाइल लिहिली, तुम्ही टेम्प उघडून बघता तर तिथे काहीच नाही. दोघंही खरंच सांगत असता.

स्क्रिप्ट विंडोजवर लिहून लिनक्सवर टाकली असेल तर ओळींच्या शेवटाला चिकटलेलं जास्तीचं चिन्ह पहिल्याच ओळीतल्या इंटरप्रिटरचं नाव बिघडवतं. मग फाइल डोळ्यांसमोर असताना ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो.

मराठी नावं असतील तर एन्कोडिंगही आत्ताच तपासा. पॉवरशेल ५.१ मध्ये ‘>’ वापरून फाइलमध्ये लिहिलं की ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते, आणि यूटीएफ-८ ची अपेक्षा असलेली पुढची सिस्टिम ती वाचताना अडखळते. वाचताना आणि लिहिताना, दोन्हीकडे एन्कोडिंग उघड नाव घेऊन सांगा. चाचणीच्या डेटात एक तरी जोडाक्षरवालं नाव ठेवा.

स्क्रिप्टच्या हाती काय द्यायचं

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे कमांडचं एक लांबलचक वाक्य जुळवून ते शेलकडे सोपवणं: स्क्रिप्टचं नाव, मग ऑर्डर क्रमांक, मग ग्राहकाचं नाव. ग्राहकाचं नाव ‘ब्रदर्स & सन्स’ असलं की खेळ संपला. शेलसाठी ‘&’चा अर्थ ‘आधीचं मागे चालू दे आणि पुढचं वेगळी कमांड म्हणून चालव’ असा होतो. इथे कुणी हल्ला केलेला नाही, ग्राहकाने फक्त आपलं नाव सांगितलंय. त्याच जागी कुणी मुद्दाम अर्धविराम आणि फाइली पुसणारी कमांड लिहिली तर काय होईल, ते सांगायला नको.

म्हणून शेल मध्ये येऊच देऊ नका. पायथनच्या ‘सबप्रोसेस’ला आर्ग्युमेंट यादीच्या रूपात द्या आणि ‘शेल=ट्रू’ लिहू नका. जावात ‘प्रोसेसबिल्डर’ला तशीच यादी देता येते. यादी दिली की प्रत्येक आर्ग्युमेंट जसंच्या तसं पोचतं, ‘&’ हे निव्वळ ‘&’ राहतं. विंडोजवर याला एक अपवाद आहे: बॅच फाइल. ती चालवायला ‘सीएमडी’ मध्ये येतोच आणि त्याचे अवतरणाचे नियम निराळे आहेत. २०२४ च्या एप्रिलमध्ये ‘बॅटबॅडबट’ नावाने उघड झालेली त्रुटी नेमकी हीच होती. रस्टसह अनेक भाषांच्या लायब्ररींमध्ये यादी देऊनही बॅच फाइलकडे जाणारी आर्ग्युमेंट पुरेशी सुरक्षित होत नव्हती. बाहेरून आलेला मजकूर बॅच फाइलला आर्ग्युमेंट म्हणून देऊच नका.

माझी पसंती विचाराल तर आर्ग्युमेंटमध्ये फक्त कामाचा क्रमांक द्यावा, आणि ऑर्डरचा बाकी सगळा तपशील जेसन करून स्टँडर्ड इनपुटमधून. अवतरणांची कटकट मिटते, लांबीची मर्यादा आड येत नाही (‘सीएमडी’मध्ये ती ८१९१ अक्षरांची आहे), आणि मोठा फायदा म्हणजे स्क्रिप्टला ईआरपीच्या डेटाबेसचं लॉगिन द्यायची वेळच येत नाही. जी स्क्रिप्ट डेटाबेसला हात लावत नाही, तिच्याकडून तो बिघडायची भीतीही नाही.

पासवर्ड आणि टोकन आर्ग्युमेंटमध्ये कधीच नकोत. लिनक्सवर ‘पीएस’ ही कमांड दिली की सर्व्हरवरच्या कुठल्याही सामान्य युजरला चालू प्रोसेसची सगळी आर्ग्युमेंट सहसा दिसतात. ओरॅकलच्या होस्ट प्रोग्रामचा पहिला पॅरामीटर अडचणीचा आहे तो यामुळेच. त्या कॉन्करंट प्रोग्रामच्या पर्यायांत ‘एन्क्रिप्ट’ लिहिलं की लॉगिन आर्ग्युमेंटऐवजी ‘एफसीपी_लॉगिन’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून येतं.

ट्रान्झॅक्शन उघडं असताना स्क्रिप्ट बोलवू नका

घाईत असाल तर निदान हा भाग वाचा, कारण चाचणीत तो सहसा सापडत नाही आणि खऱ्या वापरात हमखास सापडतो.

युजर ‘मंजूर’ दाबतो. प्लॅटफॉर्म ट्रान्झॅक्शन उघडतो आणि ऑर्डरची स्थिती बदलून ‘मंजूर’ करतो, पण कमिट, म्हणजे तो बदल पक्का करणं, अजून झालेलं नाही. त्याच क्षणी तुमचा कोड स्क्रिप्ट बोलवतो. स्क्रिप्ट स्वतःचं वेगळं कनेक्शन उघडून ऑर्डर वाचते आणि तिला ती ‘मसुदा’च दिसते. नवी ऑर्डर असेल तर सापडतच नाही. कमिट न झालेला बदल दुसऱ्या कनेक्शनला दिसत नाही, डेटाबेस आपलं काम बरोबर करतोय. मग कुणीतरी स्क्रिप्टमध्ये पाच सेकंद थांबण्याची ओळ टाकतं. त्याने काहीच होत नाही, कारण स्क्रिप्ट संपल्याशिवाय प्लॅटफॉर्म कमिटपर्यंत पोचणारच नसतो.

याहून वाईट अवस्था पुढे आहे. काम झाल्यावर स्क्रिप्ट त्याच ऑर्डरवर ‘पाठवली’ अशी नोंद करायला जाते. ती ओळ प्लॅटफॉर्मच्या ट्रान्झॅक्शनने लॉक केलेली आहे. स्क्रिप्ट लॉकसाठी थांबते आणि प्लॅटफॉर्म स्क्रिप्टसाठी. हा डेडलॉक डेटाबेसला ओळखता येत नाही, कारण त्याच्या नजरेत एक सत्र लॉकची वाट बघतंय आणि दुसरं नुसतंच रिकामं बसलंय. त्या दुसऱ्या सत्रामागचा प्रोग्राम एका स्क्रिप्टसाठी खोळंबलाय, हे डेटाबेसला कसं कळणार? टाइमआउट होईपर्यंत सगळं गोठतं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये सत्रांची यादी बघितलीत तर तिथे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ दिसेल. हा त्रास ओळखायची ती चांगली खूण आहे.

तिसरी शक्यता सगळ्यात महागडी. स्क्रिप्ट यशस्वी झाली, फाइल गेली, आणि त्यानंतरच्या एखाद्या तपासणीत चूक निघून ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे त्यातले सगळे बदल मागे घेतले गेले. ऑर्डर पुन्हा मसुद्यात गेली, पण वेअरहाउसमध्ये माल भरायला सुरुवात झालेली असते. रोलबॅकचा हात डेटाबेसच्या बाहेर पोचत नाही.

उपाय असा. एक साधं टेबल करा: कामाचा क्रमांक, ऑर्डरचा क्रमांक, कामाचा प्रकार, स्थिती, किती वेळा प्रयत्न झाला, शेवटची चूक, आणि वेळा. ‘मंजूर’ दाबल्यावर कोडने एवढंच करायचं: त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये या टेबलात ‘बाकी’ अशी एक ओळ लिहायची. ऑर्डर कमिट झाली तर ओळही होईल, रोलबॅक झाली तर ओळही जाईल. मग दर मिनिटाला चालणारा शेड्यूल्ड जॉब ‘बाकी’ ओळ उचलतो, ती ‘चालू’ करून कमिट करतो, कुठलंही ट्रान्झॅक्शन उघडं न ठेवता स्क्रिप्ट चालवतो आणि निकाल लिहितो. एकाच वेळी दोन जॉब चालणार असतील तर दोघांनी एकच ओळ उचलू नये म्हणून पोस्टग्रेएसक्यूएल ९.५ पासून ‘स्किप लॉक्ड’ची सोय आहे.

‘एवढं कशाला, कमिटनंतर चालणारा हुक वापरू की’ असं म्हणता येईल आणि ओडूमध्ये तो आहेही. पण कमिट झालं आणि हुक चालण्याआधी प्रोसेस मेली तर काम निघून गेल्याचं कुणालाच कळत नाही. टेबलातली ओळ मात्र जागेवर राहते. सेल्सफोर्सने हा प्रश्न सक्तीने सोडवला आहे: डेटा बदलून कमिट व्हायच्या आत त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये कॉलआउट केलात तर तो थेट एक्सेप्शन देतो. लोक त्यावर चिडतात, मला तो नियम बरा वाटतो.

किती थांबायचं

ओडू अनेक वर्करसह चालत असेल तर एका रिक्वेस्टला मुळात ६० सेकंद सीपीयू वेळ आणि १२० सेकंद प्रत्यक्ष वेळ मिळते. त्यापलीकडे गेलेला वर्कर मारला जातो. बाकी प्लॅटफॉर्मचे आकडे वेगळे असतील, पण मर्यादा असतेच. तुमच्या स्क्रिप्टचा टाइमआउट त्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा, म्हणजे चूक तुमच्या कोडला पकडता येईल. नाहीतर कोडच मेलेला असेल आणि ओळ ‘चालू’ या स्थितीत लटकून राहील. अशा लटकलेल्या ओळी काही वेळाने पुन्हा ‘बाकी’ करणारी तपासणीही जॉबमध्ये घाला.

टाइमआउट झाला की स्क्रिप्ट मारली असं आपण समजतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा फक्त वरची प्रोसेस मरते आणि तिने सुरू केलेली फाइल पाठवणारी कमांड मागे चालूच राहते. पायथनमध्ये स्क्रिप्ट नव्या सेशनमध्ये सुरू करा आणि मारताना पूर्ण प्रोसेस ग्रुप मारा.

कधीकधी स्क्रिप्ट छोट्या ऑर्डरवर चालते आणि मोठ्या ऑर्डरवर कायमची अडकते. अशा वेळी तिचं आउटपुट किती येतं ते बघा. लिनक्सवर पाइपमध्ये, म्हणजे स्क्रिप्टचं आउटपुट तुमच्या कोडकडे आणणाऱ्या वाटेत, सहसा ६४ किलोबाइट मावतात. तुमचा कोड आउटपुट न वाचता नुसता ‘वेट’ करत असेल तर पाइप भरल्यावर स्क्रिप्ट पुढची ओळ लिहायला थांबते, तुम्ही ती संपायला थांबता. ‘वेट’ऐवजी ‘कम्युनिकेट’ वापरा किंवा आउटपुट सरळ फाइलमध्ये वळवा.

एक्झिट कोडचा अर्थ आधी ठरवा

शून्य म्हणजे यश, बाकी सगळं अपयश, हा नियम बहुतेक ठिकाणी चालतो. रोबोकॉपीमध्ये चालत नाही: तिथे १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या आणि ८ किंवा त्यावरचा कोड म्हणजे अपयश. म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं तरी तुमचा ईआरपी लाल खूण दाखवेल. शेलमध्ये १२७ आला तर कमांड सापडली नाही, १२६ आला तर सापडली पण चालवायची परवानगी नाही. १३७ म्हणजे कुणीतरी प्रोसेस जबरदस्तीने मारली, बऱ्याचदा मेमरी संपल्यामुळे खुद्द सिस्टिमने. ‘टाइमआउट’ ही कमांड वापरत असाल तर वेळ संपल्यावर ती १२४ देते.

उलट बाजूची फसवणूक जास्त धोक्याची. बॅशमध्ये पाइपने जोडलेल्या कमांडपैकी फक्त शेवटचीचा कोड बाहेर येतो. फाइल बनवणारी कमांड फसली आणि पुढची झिप करणारी चालली तर रिकामी झिप शून्य कोडासह यशस्वी ठरते. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -ई’, ‘-यू’ आणि ‘पाइपफेल’ हे तिन्ही लावा.

तुमच्या स्वतःच्या स्क्रिप्टसाठी तीन निकाल पुरतात: झालं, आत्ता जमलं नाही पण पुन्हा करून बघा, आणि कितीही वेळा केलंत तरी जमणार नाही. नेटवर्क बंद असणं दुसऱ्या प्रकारात येतं, ऑर्डरमध्ये पत्ताच नसणं तिसऱ्यात. हा फरक केला नाही तर जॉब पत्ता नसलेली ऑर्डर रात्रभर पाठवत बसेल.

दुसऱ्यांदा चालली तर?

पुन्हा प्रयत्न करायचे म्हटलं की तेच काम कधी ना कधी दोनदा होणार. फाइल गेली, पण ‘झालं’ लिहिण्याआधी सर्व्हर बंद पडला, एवढं पुरे. फाइलच्या नावात वेळ घालण्याऐवजी कामाचा क्रमांक घाला, म्हणजे दुसऱ्यांदा गेलेली फाइल पहिलीच्याच नावाने जाईल. पहिली अजून तिथेच असेल तर तिच्यावर बसेल, उचलली गेली असेल तर समोरच्या सिस्टिमने हा क्रमांक आधी येऊन गेलाय का ते तपासून ती नाकारावी. हे त्यांच्याशी आधीच बोलून घ्या.

फाइल थेट अंतिम नावाने लिहू नका. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा आणि शेवटी नाव बदला. एकाच फाइल सिस्टिममध्ये नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे पलीकडची सिस्टिम अर्धवट फाइल उचलत नाही.

लॉग तिथेच दिसू द्या

सर्व्हरवरचा लॉग विक्री विभागातला माणूस उघडणार नाही. स्क्रिप्टच्या एरर आउटपुटच्या शेवटच्या काही ओळी, एक्झिट कोड आणि लागलेला वेळ कामाच्या टेबलात लिहा, ते ऑर्डरच्या स्क्रीनवर दाखवा आणि शेजारी ‘पुन्हा पाठवा’ असं बटण द्या. त्या बटणानेही स्क्रिप्ट थेट चालवायची नाही, फक्त ओळ ‘बाकी’ करायची. लिहिण्याआधी त्या ओळींमधून टोकन आणि पासवर्ड गाळा.

सुरू करण्याआधी ही स्क्रिप्ट मुद्दाम मोडून बघा. तिचं नाव बदला, चालवायची परवानगी काढा, आत दहा मिनिटांची झोप घाला, वेअरहाउसच्या सर्व्हरची केबल काढा, एक मेगाबाइटभर आउटपुट छापा, ती चालू असताना ईआरपीची सेवा बंद करून पुन्हा सुरू करा. प्रत्येक वेळी टेबलातली ओळ कुठल्या स्थितीत राहिली आणि स्क्रीनवर युजरला काय वाचायला मिळालं, ते लिहून ठेवा. सेवा बंद करण्याची चाचणी दोनदा करा: एकदा फाइल जाण्याआधी, एकदा गेल्यानंतर लगेच.